दुसरा हात

रंगाच्या थराला रंगारी थर म्हणत नाहीत, 'हात' म्हणतात. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात. 'पहिला हात झालाय, उद्या दुसरा मारतो.' ज्यांनी कधी घर रंगवून घेतलंय त्यांनी हे वाक्य ऐकलेलं असणार. थर म्हटलं की भिंत डोळ्यापुढे येते, हात म्हटलं की माणूस. त्यामुळेच असेल कदाचित, भिंतीवर काही बिघडलं की आपलं बोट सगळ्यात आधी त्या माणसाकडे जातं.

आमच्या घरात बिघडला तो ऑइलपेंट. त्याला सुरकुत्या पडल्या. भिंतीवरच्या सुरकुत्या तुम्ही पाहिल्या नसतील तर दूध आठवा. तापवलेलं दूध गार झाल्यावर भांडं जरा कललं की साय आक्रसते आणि तिच्यावर बारीक चुण्या पडतात. अगदी तशाच. फक्त साय चमच्याने बाजूला करता येते. भिंतीवरच्या चुण्या तशाच वाळतात, कडक होतात, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या तिरप्या उजेडात प्रत्येक चुणीची सावली पडते.

यावर नेटवर शोधलं तर उपाय मिळतात आणि ते बरोबरही असतात. जाड थर देऊ नका. पहिला थर वाळू द्या. ओल्या भिंतीला रंग लावू नका. हे तिन्ही नियम आमच्या रंगाऱ्याला पाठ होते. तरीही तिन्ही मोडले गेले. ते कसे, हे मला सांगायचंय.

*

आमचं घर चिपळूणला आहे. तळमजला, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. आमच्या हॉलमध्ये ते साडेचार फुटांवर जाऊन थांबलं. आईबाबा शेजारच्या दुमजली घरात वर जाऊन बसले होते, म्हणून सुखरूप राहिले. मी तेव्हा पुण्यात. रस्ता मोकळा झाल्यावर पोचले, तोवर पाणी उतरलं होतं आणि गाळ उरला होता. फ्रिज आडवा, गाद्या फुगलेल्या, कपाटाचं दार उघडेना. आणि चारही भिंतींवर एक तपकिरी रेघ. चहाच्या कपात आतून राहते तशी. मोजपट्टी लावून मारल्यासारखी सरळ.

त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. म्हणजे मधे बरोबर पन्नास दिवस.

कोकणात गणपतीआधी घराला रंग लागतो. काही नाही तर निदान हॉल. आमच्याकडे पद्धत अशी की खाली चार फूट ऑइलपेंटचा पट्टा आणि वर डिस्टेंपर. ऑइलपेंट पुसता येतो, मुलांचे हात, खुर्च्यांच्या पाठी, तेलाची डोकी, सगळं सहन करतो. आमचा पट्टा फिकट निळा होता. रेघ त्याच्या थोडी वर, डिस्टेंपरवर होती, आणि पट्ट्याचा रंग जागोजागी फुगून पोपडे सुटले होते.

बाबांना ती रेघ बघवत नव्हती. ते तसं बोलले नाहीत कधी. पण जेवायला बसताना त्यांनी जागा बदलली. आधी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, पुरानंतर दाराकडे तोंड करून बसायला लागले. फोनवर मात्र सगळ्यांना सांगायचे, "झालं, सगळं पहिल्यासारखं झालं. फक्त रंग राहिलाय."

*

आमचे रंगारीकाका ठरलेले. २००५च्या पुरानंतर घर रंगवलं तेही त्यांनीच. या वेळी त्यांच्याही घरात पाणी गेलं होतं, आणि गावातल्या प्रत्येकाला चतुर्थीच्या आधी रंगारी हवा होता. ऑगस्टच्या शेवटी ते आले. शिडी बाहेरच ठेवली, आत येऊन उलटा तळहात भिंतीवर टेकवला, दोनचार ठिकाणी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

"भाऊ, भिंत प्यायलीय अजून."

मग त्यांनी स्वतःचं मत सांगितलं. वरचा भाग डिस्टेंपरने करू, रेघ जाईल. खालच्या चार फुटांना यंदा नुसता चुना मारू. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडत राहते. ऑइलपेंट एप्रिलात करू, भिंत सुकल्यावर. खर्चही कमी.

"गणपती चुन्यापुढे बसवायचा?" बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "लोक गणपती बघायला येतात, भिंत बघायला नाही."

बाबा म्हणाले, "यंदा भिंतच बघायला येणार आहेत."

हे खरंच होतं. त्या वर्षी जो येणार तो आधी भिंतीकडेच बघणार होता, पाणी कुठवर आलं होतं ते. काका गप्प बसले. त्यांनाही काम हवं होतं, आणि त्यांचंही घर उभं करायचं होतं. "तुम्ही म्हणाल तसं करतो," ते म्हणाले.

पोपडे खरवडले, जिथे गिलावा सुटला होता तिथे सिमेंटचा हात फिरवला, पुट्टी, प्रायमर. मधे दोन दिवस धो धो पाऊस. ५ सप्टेंबरला पट्ट्याला निळ्याचा पहिला हात लागला. पुट्टीचे ठिगळ त्यातून पुसट दिसत होते. बाबांनी रात्री टॉर्च मारून ते पाहिले. ६ला सकाळी काका आले तेव्हा बाबांनी सांगितलं, "आज जाड मार. एकाच हातात सगळं झाकलं गेलं पाहिजे. परवा मखर उभं करायचंय."

"भाऊ, खालचा अजून चिकटतोय."

"पंखा लावतो मी."

बाबांनी नुसता पंखा नाही लावला. शेजारून मोठा हॅलोजन आणून तोही भिंतीकडे तोंड करून ठेवला. दिवसभर खिडक्या बंद, बाहेर पाऊस, आत हॅलोजन.

८ तारखेला सकाळी आईने मला हाक मारली. हॅलोजनच्या समोरचा जवळजवळ चार फुटांचा भाग आणि खिडकीखालचा पट्टा पूर्ण चुण्यांनी भरला होता. हात लावला तर वरून कोरडा. अंगठा दाबला तर आत गादीसारखा दबत होता.

मखर सरकवून त्या भागापुढे आणलं, बाजूला आईची पैठणी पडद्यासारखी सोडली. गणपती छान झाला. पण काकांचे साडेतीन हजार राहिले होते, ते बाबांनी दिले नाहीत. "हे काम आहे का?" एवढंच म्हणाले. काका म्हणाले, "बरं भाऊ." डबे, ब्रश उचलले, शिडी खांद्यावर घेतली आणि गेले. वीस वर्षांच्या ओळखीचं एवढंच बोलणं झालं.

*

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एखादी सिस्टिम बंद पडली की ती सुरू झाल्यावर एक कागद लिहायचा असतो. काय झालं, किती वाजता झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. त्याचा एक नियम आहे. कागदावर कुणा माणसाचं नाव येऊ द्यायचं नाही. नाव आलं की शोध तिथेच थांबतो. 'अमक्याने चूक केली' हे कारण नसतं, कारण शोधण्याचा कंटाळा असतो.

विसर्जनानंतर मी आमच्या भिंतीचा तसा कागद लिहायला घेतला. त्यासाठी आधी रंग वाळतो म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावं लागलं.

रंग दोन प्रकारांनी वाळतो. आपण ज्याला प्लास्टिक पेंट म्हणतो त्यात पाणी असतं. पाणी उडून जातं, रंगातले बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा तयार होतो. म्हणून त्याला सुरकुत्या सहसा पडत नाहीत. फार जाड मारला किंवा भिंत ओली असली तर मात्र तोही फुगतो, सुटतो, क्वचित चुणतो.

ऑइलपेंटचं तसं नाही. त्यातला टर्पेंटाइनसारखा पातळ भाग आधी उडतो, पण तेवढ्याने रंग वाळत नाही. नंतर त्यातलं तेल, म्हणजे तेलापासून बनवलेली राळ, हवेतला ऑक्सिजन घेते. त्या ऑक्सिजनने तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग रंग कडक होतो. म्हणजे ऑइलपेंट सुकत नाही, खरं तर शिजतो. आणि हे शिजणं वरून खाली होतं, कारण हवा वरून येते.

पातळ हात असेल तर अडचण नसते. नीट मारलेला एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ३५ मायक्रॉनचा उरतो, केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास. एवढ्यातून ऑक्सिजन तळापर्यंत पोचतो. हात जाड झाला की वर साय धरते आणि खालचा रंग तिच्याखाली अडकतो. पुढे होतं ते असं. वरची साय ऑक्सिजन घेत राहते आणि खालच्या ओल्या रंगातला पातळ भागही शोषते. त्यामुळे ती पसरायला बघते. पण पसरायला जागा नसते. सिंगल बेडच्या गादीवर डबल बेडची चादर ताणून खोचायचा प्रयत्न करा, जास्तीचं कापड कुठे जाणार? वर उचललं जाणार. तीच सुरकुती.

याचं गणितही आहे. एन्रिके सेर्दा आणि एल. महादेवन या दोघांनी २००३मध्ये सुरकुत्यांच्या भूमितीवर आणि भौतिकशास्त्रावर शोधनिबंध लिहिला. सुरकुती किती रुंद पडणार, हे वरचा पापुद्रा किती जाड आणि ताठ आहे आणि खालचा आधार किती मऊ किंवा कडक आहे, यावर ठरतं. २००७मध्ये दोघांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. महादेवन आयआयटी मद्रासमधून शिकलेले. आमच्या खिडकीखालच्या पट्ट्याचं शास्त्र एवढ्या लांबून येईल असं मला वाटलं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे हा दोष मुद्दाम घडवूनही आणतात. जुने टाइपरायटर, कॅमेरे, कॉलेजच्या लॅबमधली उपकरणांची खोकी आठवतात? त्यांच्यावरचा तो खडबडीत, बारीक चुण्यांचा काळा रंग? तो सुरकुत्यांचाच रंग. त्यासाठी लवकर साय धरणारं टंग तेल वापरायचे, किंवा रंगात कोबाल्टचं प्रमाण वाढवायचे. कोबाल्टमुळे रंगाचा वरचा भाग पटकन वाळतो. म्हणूनच चांगल्या रंगात नुसतं कोबाल्ट ठेवत नाहीत, आतपर्यंत वाळवणारी दुसरी द्रव्यंही घालतात. पत्र्याच्या खोक्यावर ही युक्ती आणि भिंतीवर मात्र खोड.

*

आता आमच्या भिंतीचा कागद.

एक, भिंत ओली होती. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. भिंत वाळायला इंचाला साधारण महिना, असा एक ढोबळ हिशेब असतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार-साडेचार महिने, आणि तेही हवा कोरडी असेल तर. आम्ही दिले पन्नास दिवस, तेही आषाढ-श्रावणातले. ओलीवर ऑइलपेंट नीट धरत नाही. शिवाय ताज्या सिमेंटचा क्षार ओलीबरोबर वर आला की तेलाचा साबण करतो आणि रंग खालून चिकटच राहतो.

दोन, पहिला हात आतून वाळलेला नव्हता. डब्यावर दुसऱ्या हातासाठी तास दिलेले असतात, पण ते तास ठरावीक तापमानात आणि बेताच्या दमटपणात मोजलेले असतात. चिपळूणचा सप्टेंबर त्या डब्यावर नसतो. वर दुसरा हात लागला की त्यातला टर्पेंटाइन खालच्या कच्च्या थराला पुन्हा मऊ करतो, फुगवतो.

तीन, दुसरा हात जाड होता.

चार, हॅलोजन. आम्हाला वाटलं, उष्णतेने लवकर वाळेल. वाळलं, पण फक्त वरचं. आतल्याला वेळ मिळण्याआधी साय धरली. सुरकुत्या सगळ्यात जास्त तिथेच पडल्या. ऊन थेट येणाऱ्या भिंतीवर दुपारी ऑइलपेंट मारला की हेच होतं.

पाच, खिडक्या बंद. ऑइलपेंटला वाळायला हवा लागते, ती आम्ही अडवली.

माझ्या कागदावर कुणाचंही नाव नव्हतं. मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"म्हणजे चूक माझी."

"कागदावर कुणाचंच नाव नाहीये, बाबा."

"नाव नसलं म्हणून काय झालं," ते म्हणाले. कागद घडी घालून टीव्हीखालच्या खणात ठेवला. दिवाळी आली, गेली. साडेतीन हजार तसेच राहिले.

मी पैसे देऊ शकले असते. माझ्या एका शनिवारच्या खरेदीएवढे होते ते. आईने तर एकदा बाजारात काकांना गाठून दिलेही. त्यांनी घेतले नाहीत. "वहिनी, भाऊंनी दिले तर घेईन. तुमच्याकडून घेतले तर काम वाईट केलं हे मी मान्य केल्यासारखं होईल." रंगाऱ्याला पुढचं काम मिळतं ते मागच्या कामाच्या बोलण्यावर. गाव लहान. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पैठणीमागे डोकावून विचारत होता, कुणी केलं हे? आणि उत्तर म्हणून एक नाव सांगितलं जात होतं. जिथे नाव लिहायचं नाही असा नियम आहे ते माझं ऑफिस होतं, गाव नव्हे.

*

सुरकुत्या पडल्यावर करायचं काय, हे आता सांगते. कारण पहिली चूक सगळे तीच करतात, वरून आणखी एक हात. त्याने सुरकुत्या बुजत नाहीत. उलट खालचा कच्चा थर आणखी कोंडला जातो आणि नवीन सायीला नवीन चुण्या पडतात.

आधी थांबायचं. सुरकुतलेला रंग आतून मऊ असताना खरवडायला गेलात तर तो गोंदासारखा पट्टीला चिकटतो. अंगठा दाबून, जरा पिळून पाहायचं. ठसा उठला नाही, रंग सरकला नाही, की तो वाळला. आमच्याकडे याला जानेवारी उजाडला.

मग भिंत वाळली का ते बघायचं. साधारण दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा उघड्या गिलाव्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि एक रात्र, जमलं तर पूर्ण दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीत आहे. मार्चमध्ये मी सुट्टीला आले तेव्हा तुकडा लावला. सकाळी आत थेंब होते. बाबा ते वाकून बघत उभे राहिले. पुरानंतर आठ महिन्यांनी त्या भिंतीत पाणी होतं. एप्रिलअखेर पुन्हा लावला, तेव्हा प्लास्टिक कोरडं निघालं.

त्याच संध्याकाळी बाबांनी स्वतः काकांना फोन केला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, ते अंगणात जाऊन बोलले.

काका मेच्या पहिल्या आठवड्यात आले. बाबांनी आधी एक पाकीट पुढे केलं. काकांनी नोटा मोजल्या.

"भाऊ, ॲडव्हान्स जास्त झाला."

"त्यात गेल्या वर्षीचे आहेत."

काकांनी नोटा खिशात घातल्या आणि पट्टी काढली.

खरवडताना एक गोष्ट सांभाळायला हवी, आणि ती सुरकुत्यांपेक्षा महत्त्वाची आहे. जुन्या घरातल्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६चा, तो अमलात आला नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीचे थर भिंतीवर असतील तर कोरडं घासून त्याची धूळ करायची नाही. ती लहान मुलांना सगळ्यात घातक. ताईची मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती, म्हणून त्या दोघींना आठवडाभर मामाकडे पाठवलं. भिंत पाण्याने ओली करून घासली, खाली प्लास्टिक अंथरलं, कचरा झाडला नाही, ओल्या फडक्याने उचलला. करोनाच्या वेळचे एन-९५ मास्क कपाटात पडून होतेच.

पट्टीखाली आधी गेल्या वर्षीचा निळा सुटला, मग त्याच्याखालचा २००५चा निळा, मग एक गुलाबी, जो मी कधीच पाहिला नव्हता. "तुझ्या जन्माच्या वेळचा," बाबा म्हणाले. मग ते २००५बद्दल बोलायला लागले. तेव्हा पाणी कसं आलं, मला खांद्यावर घेऊन ते कुठून कसे चालले. पुरानंतर दहा महिन्यांत ते पहिल्यांदाच पाण्याबद्दल सलग बोलत होते. काका घासता घासता मधे मधे दुरुस्ती करत होते. "नाही भाऊ, तेव्हा पूल बंद होता, तुम्ही वरून आलात."

पुढचं काम सरळ होतं. जिथे रंग घट्ट होता तिथे तो ठेवला आणि त्याच्या कडा ८० नंबरच्या, मग १२०च्या, मग २२०च्या पेपरने उतरत्या केल्या. डोळे मिटून हात फिरवला तर कड लागता कामा नये, नाहीतर नव्या रंगातून ती दिसतेच. काही ठिकाणी भिंतीतून मिठासारखा पांढरा खार फुटला होता. तो ओल्या फडक्याने पुसायचा नाही, विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा. स्वयंपाकघराकडच्या भागावर तेलकट थर होता, तो साबणाच्या पाण्याने धुऊन, साध्या पाण्याने पुसून, पूर्ण सुकू दिला. तुपकट भिंतीवरही रंग असाच चुणतो. खड्ड्यांना पातळ पातळ पुट्टी, प्रत्येक वेळी वाळू देऊन. मग पेपर, मग प्रायमर.

नदीच्या बाजूच्या भिंतीपाशी काका थांबले. "इथे पाणी परत येणार, भाऊ. आज नाही, दहा वर्षांनी. हिला ऑइलपेंटने कोंडू नका."

मला वाटलं, आता वाद होणार. बाबांनी भिंतीकडे पाहिलं. "मग चुना कर हिला. नीळ जरा जास्त घाल, बाकीच्या पट्ट्याच्या जवळ जाईल."

ती भिंत गिलाव्यापर्यंत साफ करून तिला चुना लागला. जवळून पाहिलं तर फरक कळतो. आलेल्यांपैकी काही जण विचारतात, ही अशी का? बाबा कारण सांगतात.

बाकी तीन भिंतींना ऑइलपेंट. या वेळी डब्यावर लिहिलं होतं तेवढंच टर्पेंटाइन, खिडक्या उघड्या, आणि हात इतका पातळ की पहिल्यातून खालचा पांढरा प्रायमर दिसत होता. मी म्हटलं, काका, दिसतंय की. ते म्हणाले, "पहिल्या हाताने झाकायचं नसतं, धरायचं असतं. झाकायला दुसरा आहे." दुसऱ्याआधी ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवायचा, म्हणजे गुळगुळीत रंगावर नवा रंग पकड घेतो.

काम संपवताना त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि विचारलं, "मग उद्या येऊ दुसऱ्याला?" मे महिना होता, हवा कोरडी होती, उद्या चाललं असतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर बाबा सोफ्यामागे, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात, उकिडवे बसले होते. भिंतीला अंगठा लावून पिळून बघत होते. मग तिथूनच त्यांनी फोन लावला.

"अरे, आज नको येऊस. अजून ठसा उठतोय. उद्या ये."